आंबेहळदीखालचा पाय

“लेप धुवा म्हणतेय ना! आई, तुम्ही हात काढा त्यावरून.”

कोपरच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात बायको इतकी ओरडत होती की खाडीपलीकडच्या लोकांनी खिडक्या लावून घेतल्या असतील. आई माझी नडगी दोन्ही हातांनी झाकून बसलेली. आदल्या दिवशी स्कूटरचा स्टँड लागून खरचटलं होतं. आमच्या घरात मार लागला की आंबेहळद-तुरटीचा गरम लेप. त्यावर अपील नाही. वाळला की दुसरा थर. पायावर एव्हाना दोन मजले चढले होते.

“मुकामार आहे, उतरेल,” आई डॉक्टरांना म्हणाली. “लहानपणापासून असाच नाटकी आहे तो.”

“तेच सांगतेय,” बायको म्हणाली. “मुंगी चावली तरी हा माणूस मृत्युपत्र काढतो. आज दुपारपासून नुसतं ‘दुखतंय’ म्हणतोय. अंगात ताप आहे. पायाला चादर टेकू देत नाही.”

डॉक्टरांनी लेप धुतला. पण हळदच ती, कातडी पिवळीधमक. लाल कुठून कुठपर्यंत, कळायला मार्ग नाही. मग ते बोटाने दाबत वर सरकले. जखम तांदळाच्या दाण्याएवढी. मी किंचाळलो ते तिच्यापासून वीतभर वर, जिथे दिसायला काहीच नव्हतं. बोटाला लागणारा सुजेचा टणकपणा संपत होता तिथे त्यांनी बॉलपेनने रेघ मारली. तासाभरात सूज रेघ ओलांडून दोन बोटं पुढे. (लोकांना मी चार सांगतो.)

“जखमेपेक्षा दुखणं मोठं असलं की मी थांबत नाही,” डॉक्टर म्हणाले. “जंतू कातडीखाली पसरतायत. गोळ्यांनी भागणार नाही, उघडूनच बघावं लागेल. कल्याणला सर्जनना फोन करतो.”

“उद्या सकाळी नेलं तर?” आईने विचारलं.

“आत्ता,” बायको म्हणाली, आणि मला रिक्षात कोंबलं. कल्याणपर्यंत तिने रिक्षावाल्याला एकही खड्डा चुकवू दिला नाही; चुकवण्यात वेळ जातो म्हणे.

सर्जननी रक्ताच्या रिपोर्टची वाट न बघता टेबलावर घेतलं. सडलेलं काढलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा आत बघितलं, पुन्हा थोडं काढलं. आठवडाभराने मला जरा कंठ फुटला, तेव्हा मी त्यांना हसत विचारलं, “डॉक्टर, खरं सांगा, सकाळी आलो असतो तरी चाललं असतं ना?”

ड्रेसिंगवरची नजर न काढता ते म्हणाले, “पाय कापावा लागला असता.”