फिटले की बुडाले?

आमच्या राई गावात लग्नाचा व्हिडिओ पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत बघणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे आमची बेबीकाकी. बाकीच्यांचं तुम्हाला माहीतच आहे. लग्नाआधी व्हिडिओवाल्याशी महिनाभर हुज्जत घालायची, त्याला लाख-सव्वा लाख मोजायचे, आणि एकदा का पेनड्राइव्ह घरात आला की पाहुण्यांना पाच मिनिटं दाखवून तो कपाटात ठेवून द्यायचा. नवरा-नवरीसुद्धा स्वतःचं लग्न पूर्ण बघत नाहीत. आपण कुठे जाड दिसतो तेवढं बघतात आणि बंद करतात.

काकीचं तसं नव्हतं. कुणाकडे व्हिडिओ आल्याची कुणकुण लागली की ती दारात हजर. "आयला काय गो सिनेमा?" तिच्या लेखी तो सिनेमाच. आधी कॅसेट, मग सीडी, मग पेनड्राइव्ह, जे असेल ते पदराआड धरून घरी न्यायची. जेवणखाण उरकून टीव्हीसमोर बसायची, मांडीवर सूप, सुपात निवडायला सुका जवळा. मग घर पेटलं तरी उठायची नाही. गणेशपूजनापासून पाठवणीपर्यंत सगळं बघायची आणि दुसऱ्या दिवशी सिनेमा परत करताना उंबऱ्यातच निकाल सांगायची. निकाल दोनच. "पैसे फिटले," नाहीतर "पैसे बुराले."

कारणंही द्यायची. "नवरीचा बापूस एकदाच दिसला, तो पन आईसक्रीम खाताना. बुराले पैसे." किंवा, "तुझी मामी आन मावशी बोलत नाय वाटतं? आख्ख्या सिनेमात एकीची दुसरीकडं पाठ." घरच्यांना जे कळायला वर्ष लागलं असतं ते ही एका दुपारी सांगून मोकळी व्हायची. लोक तिला जरा टरकूनच असत. पण व्हिडिओवाला ठरवायला जाताना मात्र हमखास तिलाच घेऊन जात, कारण कशाचे पैसे द्यायचे आणि कशाचे नाही हे तिच्याइतकं कुणालाच सांगता यायचं नाही.

ती माझ्या बाबांच्या धाकट्या भावाची बायको. साठीला आली तरी नाव बेबीच. काका मी जन्मायच्या आधीच हायवेवर अपघातात गेले. मूलबाळ नव्हतं. माहेरी परत न जाता ती आमच्या अंगणापलीकडच्या दोन खोल्यांत राहिली. माझी आई स्टीलच्या कारखान्यात पॅकिंगला जायची, त्यामुळे माझ्या वेण्या, माझा डबा, माझा ताप, माझी शाळेतली भांडणं, सगळं काकीकडे. मला वाढवलं कुणी असं कुणी विचारलं, तर आईसमोरसुद्धा मी काकीचं नाव घेते, आणि आई हो म्हणते.

तिला व्हिडिओचं वेड आहे असंच मी लहानपणी समजत होते. मोठी झाल्यावर हळूहळू उलगडलं. काकी कुणाच्या लग्नात नसायची असं नाही. तांदळाच्या भाकऱ्या तिच्याशिवाय कुणाला जमत नव्हत्या. पण मांडवात हळदीची वाटी आली, की काकीला चुलीपाशी हमखास काहीतरी काम निघायचं. मंगलाष्टकं सुरू झाली, की ती पाण्याच्या पिंपात डोकावत असायची. तिला "पुढे येऊ नको" असं कुणी कधी म्हटलं नाही. "ये"ही म्हटलं नाही. सगळ्या गावाची लग्नं तिने मागच्या अंगणातून ऐकली आणि नंतर टीव्हीवर बघितली. वेड कसलं आलंय त्यात!

माझं लग्न ठरलं तेव्हा बाबा, काकी आणि मी रेल्वे स्टेशनच्या पूर्वेला, केबिन रोडला, हितेशभाईच्या स्टुडिओत गेलो. हितेशभाई गुजराती, तोंडात साखर. त्याने आधी थंडा मागवला, मग जाडजूड अल्बम उघडले, मग सव्वा लाखाचं पॅकेज सांगितलं. बाबांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. त्यांना घासाघीस जमत नाही. भाजीवाल्याने भाव सांगितला की "बरं" म्हणून वर सुटे पैसेही सोडून येणारा माणूस.

काकीने पदर खोचला. "ड्रोन मंजे?"

"आंटी, ऊपर से शॉट आता है. पूरा फंक्शन ऊपर से."

"उपर से मांडव का कापड दिखेगा," काकी तिच्या हिंदीत म्हणाली. "कापड का पैसा मांडववाले को दिया है. काटो."

ड्रोन गेलं. मग त्याने स्लो मोशनचं सांगितलं. काकी म्हणाली, "आमचे लोक तसेच सावकाश चालतान. उसका अलग पैसा कायको?" तेही गेलं. तीन मिनिटांच्या टीझरवर तिने त्याला विचारलं, की पूर्ण लग्न तीन मिनिटांत बसत असेल तर पैसेही तीन मिनिटांचेच घेशील का. हितेशभाई हसायला लागला. लग्नाआधी बागेत नेऊन फोटो काढायचा बेत मला खरं तर हवा होता, पण माझ्याकडे बघूनच तिने तो रद्द केला. "बघून घे नंतर जन्मभर त्याचा तोंड." आकडा उतरत उतरत असा आला, की बाबांनी रुमाल खिशात ठेवला.

आणि मग, सगळं ठरल्यावर, काकीने अगदी सहज विचारलं, "वो लाइव्ह का काय असतंय, उसका कितना?"

"आठ हजार. पर आंटी, वो तो जिनके रिश्तेदार फॉरेन में हैं उनके लिए होता है. आपका कोई है बाहर?"

"है एक. दूर है."

बाबा माझ्याकडे बघायला लागले. आमच्या सात पिढ्यांत परदेशी कुणी गेलेलं नाही. हितेशभाईने सांगितलं, की लाइव्ह म्हटलं तरी चित्र अर्धा मिनिट उशिरा पोचतं. "चलेगा," काकी म्हणाली, "आमी पाठीच असतो." आणि तिने कमरेची पिशवी सोडून आठ हजार स्वतःचे काढून दिले. एका रुपयाची घासाघीस केली नाही. काकीने! माझा तर विश्वासच बसेना.

पूल ओलांडून पश्चिमेला आलो, राईची रिक्षा धरली, तेव्हा ती हळूच मला म्हणाली, "माझ्या टीवीवर येल ना ते?"

तेव्हा माझी ट्यूब पेटली, आणि मी भडकले. आमच्या अंगणातून तिच्या दारात साधी हाक मारली तरी ऐकू जाते, आणि ही बाई तेवढ्या अंतरासाठी आठ हजार देऊन आली होती. "काकी, डोकं ठिकाणावर आहे ना? तू मांडवात असणार. मला हळद तू लावणार."

"चांगल्या कामात खोडा नको गो बाय."

"कोण म्हणतं खोडा?"

"कोनी नाय म्हनत. मीच म्हनतंय. पोरीचा लगीन हाय, मना जपायला नको? उद्या काय कमी-जास्ती झाला तं मीच मना खाईन." बाबा पुढे बसले होते, ते रस्त्याकडे बघत राहिले. मग घरी आईने समजावून पाहिलं, मी दोन दिवस अबोला धरून पाहिला. काकी ढिम्म. "मी बघतंय ना टीवीत. सगल्यांच्या पेक्षा चांगला दिसल मना," एवढंच तिचं पालुपद.

हळदीच्या दिवशी संध्याकाळी अंगणात मांडव भरला. मी पाटावर बसले. धवलारीण, म्हणजे आमच्याकडे लग्नाची गाणी म्हणणारी बाई, धवले म्हणत होती. आईने हळद लावली, मग आत्या, मग शेजारणी. हितेशभाई स्वतः कॅमेरा घेऊन समोर, आणि कॅमेऱ्यावर लाल ठिपका. माझ्या गालांवर इतक्या बायकांचे हात फिरून गेले, पण ज्या हातांनी मला रोज तेल लावलं, तेवढे दोन हात त्यांत नव्हते. मला रडूही येत होतं आणि रागही. त्या काचेच्या भिंगापलीकडे काकी बसली आहे, हे एकदम डोक्यात आलं, आणि मी सरळ कॅमेऱ्यात बघून म्हणाले, "काकी, ये ना."

बायका हसल्या. कुणी आलं नाही. मग मी हळदीची वाटी उचलली आणि उठले.

झाला एकच कालवा! "आगो, नवरी उठली! बसवा तिला!" आत्या माझा हात धरायला धावली. आईने आत्याचा हात धरला. मी तशीच, हळदीने माखलेली, अनवाणी अंगण ओलांडून निघाले, आणि हितेशभाई कॅमेरा सांभाळत माझ्या मागे. "मॅडम, लाइव्ह चालू है, बंद करूँ?" मी म्हटलं, "खबरदार!"

काकीचं दार उघडंच होतं. ती दाराकडे पाठ करून टीव्हीसमोर बसली होती, आणि टीव्हीत मी अजून पाटावरच होते. अर्धा मिनिट उशीर! टीव्हीतली मी म्हणाले, "काकी, ये ना," आणि काकी टीव्हीला म्हणाली, "गप बस गो बाय. मी बघतंय ना हितशी." मग टीव्हीतली मी उठले, तशी काकी ताडकन गुडघ्यावर आली. "आगो! उठली कनाला? बस, बस खाली! पाटावरशी उठू नये!"

मी मागून म्हटलं, "काकी."

"थांब गो, पोरगी उठली पाटावरशी," ती मागे न बघताच म्हणाली.

मग ती वळली. मी तिच्यासमोर बसले आणि वाटी पुढे केली. तिने दोन्ही हात पाठीमागे नेले, लहान मूल खाऊ लपवतं तसे. मान हलवत राहिली. तेवढ्यात टीव्हीत आमचं अंगण दिसायला लागलं, मग तिचं दार, मग दारातून आत एक बाई, पाठमोरी, फिकट निळ्या लुगड्यातली.

"ती कोन गो?" काकीने विचारलं. गावातल्या प्रत्येक लग्नात कोण कुठे उभं होतं हे सांगणारी बाई, तिने स्वतःची पाठ ओळखली नाही.

"तू आहेस."

ती बघत राहिली. माझं खूप समजावून झालं होतं, रडून झालं होतं, आता माझ्याकडे एकच गोष्ट उरली होती. मी म्हटलं, "काकी, कॅमेरा इथपर्यंत आलाय. ही बाई आता नुसतीच बसून राहिली तर सिनेमा फुकट गेला बघ. पैसे बुडाले. तुझे आठ हजार धरून सगळे."

तिने टीव्हीकडे बघितलं, हितेशभाईकडे बघितलं. हितेशभाई बिचारा दाराच्या चौकटीत अवघडून उभा होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "याला रडायचे वेगले पैसे नाय ना द्यायचे?" काकी पुटपुटली. आणि तिने दोन्ही हात वाटीत बुडवले. माझ्या गालांना लावली, हातांना लावली, पावलांना लावली, कोपरांपर्यंत चोळून, मला आंघोळ घालायची तशी. तोपर्यंत तिच्या डोळ्यांत टिपूसही नव्हता. मग अर्ध्या मिनिटाने टीव्हीतल्या निळ्या लुगड्यातल्या बाईने वाटीत हात बुडवले, नवरीच्या गालांना हळद लावली, आणि ते बघताना मात्र काकीचा बांध फुटला. "लागली गो," ती टीव्हीकडे बोट दाखवून म्हणत होती, "बघ, लागली. तिनं लावली."

मांडवात परत आले तेव्हा दोघी-तिघींनी तोंडं वाकडी केली. जेवल्या मात्र पोटभर. मला खारी गावात दिलं. संसार बरा चाललाय, नवरा घोरतो, पण त्याला काकीची हळद जबाबदार नाही, त्याचे वडीलही घोरतात. आणि काकी बदलली बिदलली असं काही समजू नका. त्यानंतरच्या लग्नांतही ती भाकऱ्यांवरच बसायची. हळदीला हात लावला तो तेवढा एकदाच.

आमचा व्हिडिओ आला तसा सगळ्यांत आधी तीच घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी निकाल नाही. आठवडा गेला, महिना गेला. मी माहेरी आले की विचारायचे, "काय काकी, फिटले की बुडाले?" तिचं उत्तर ठरलेलं, "अजून बघून नाय झाला." दुपारी जाऊन बघावं तर टीव्हीत निळं लुगडं असायचं, आणि काकीच्या मांडीवर सूप. जवळा निवडायचा राहून गेलेला. गेल्या वर्षी ती आजारी पडली, अंथरुणातून उठेना, तेव्हा मी उगाच हसवायला म्हटलं, "आता तरी पेनड्राइव्ह परत कर. एवढा उशीर तू कुणाच्याच वेळी केला नाहीस." ती डोळे मिटूनच म्हणाली, "कनाला घाई करतंस? नाय झाला गो अजून."

ती गेल्यावर टीव्हीला लावलेला पेनड्राइव्ह आईने काढून माझ्याकडे पाठवला. अधूनमधून लावते. अंगण येतं, दार येतं, ती पाठमोरी बाई येते, हात वाटीत जातात, आणि मी मागे नेऊन पुन्हा तिथूनच लावते. परवा नवरा म्हणाला, "अगं, एवढे पैसे दिले होते त्याला, एकदा पूर्ण तरी बघ. फिटले की नाही ते तरी कळेल."

मी म्हटलं, "अजून बघून नाय झाला."