चर्चमागच्या मैदानातले पाहुणे

लोणंदहून लग्न करून मी सांगलीला आले, तेव्हा सासरी दोनच गोष्टींची चौकशी झाली: स्वयंपाक येतो का आणि पेटी वाजवता येते का. पहिल्यात मी यथातथाच होते. दुसऱ्यामुळे सासूबाईंनी ते चालवून घेतलं, आणि दर रविवारी भक्तीच्या वेळी मी चर्चमध्ये पेटीवर बसू लागले.

बहात्तरच्या दुष्काळात माण तालुक्यातली दहा-बारा कुटुंबं चर्चमागच्या मोकळ्या मैदानात येऊन उतरली. तट्ट्यांची खोपटं, चार भांडी आणि बरगड्या मोजता येतील अशा शेळ्या. आमच्या आवारातल्या विहिरीला पाणी होतं, पण तिच्या जाळीला कुलूप होतं आणि किल्ली एका निवृत्त सुभेदारांकडे. ते चर्चच्या मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांपैकी एक. ते म्हणत, आज पाणी दिलं तर उद्या हे लोक व्हरांड्यात चुली मांडतील. आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, यांनी पंचांच्या बैठकीत दोनदा विषय काढला आणि दोन्ही वेळा चहा आल्यावर बैठक संपली. मी तरी कुठं वेगळी होते? शाळेत शिकवायला जाताना त्या मैदानाच्या कडेनं नाकाला पदर लावून झपाझप निघून जायची.

एका रविवारी पाळकसाहेब परक्या माणसाला घरात घेण्याविषयी उपदेश करत होते. सगळे माना डोलावत होते, सुभेदार जरा जास्तच. तेवढ्यात मधल्या वाटेनं एक शेळी आली. उशिरा येणाऱ्या आमच्या काही सभासदांपेक्षा ती पुष्कळ शांतपणे चालत होती. थेट पुढे जाऊन तिनं फुलदाणीतली शेवंती खायला सुरुवात केली. हसू लपवायला मी पेटीवर वाकले, तर कोपर पट्ट्यांवर पडलं आणि भात्यात उरलेल्या हवेनं असा काही सूर निघाला की शेळीनंही मान वर करून पाहिलं.

दारात तिची मालकीण उभी होती. साठीची, अनवाणी. शेळीला हाका मारत होती, पण उंबरा ओलांडत नव्हती. पाळकसाहेब म्हणाले, "आजी, आत या की."

"शेळीला कोन काय इचारत न्हाई, म्हून ती आत गेली," म्हातारी म्हणाली. "मला इचारत्याल."

हशा पिकला तो अर्ध्यातच थांबला. पाळकसाहेबांनी उपदेश तिथंच सोडला आणि स्वतः जाऊन तिला आत आणलं. रिकामी जागा एकच होती, सुभेदारांच्या बाकावर. ते शेजाऱ्याला सारखं 'ताठ बसा' म्हणायचे, म्हणून तिथं कुणी बसत नसे. म्हातारी बसली आणि त्यांच्याकडे बघून तिनं हळूच विचारलं, पलटणीत होता का. तिचा धाकटा लेक फौजेत होता. तो पत्रातून पाऊसपाण्याचं विचारायचा आणि ती कुणाकडून तरी 'झाला' असं लिहून घ्यायची. भक्ती संपल्यावर सुभेदारांनी विहिरीची जाळी उघडली. पाणी मात्र फौजी शिस्तीत मिळे: सकाळी सहाला रांग, शिट्टी वाजल्याशिवाय घागर उचलायची नाही.

मैदान सरकारी होतं; पंधरा दिवसांनी ते खाली करण्याचा मामलेदार कचेरीचा हुकूम आला. रेशनच्या दुकानातही त्यांची गावाकडची कार्डं चालत नव्हती. पाळकसाहेब बैठकीत म्हणाले की विहीर आपली होती, ती उघडणं सोपं होतं; यांच्या हक्काचं यांना मिळवून देणं हे खरं काम. अक्षर बरं म्हणून अर्ज मी लिहायला बसले. 'कृपा करून' एवढंच लिहिलं होतं, तोच सुभेदारांनी मला थांबवलं.

"कृपा खोडा," ते म्हणाले. "न्याय म्हणून मागतोय, असं लिहा."

यावर पंचांचा तासभर वाद झाला. त्या दिवशी चहा येऊनही बैठक संपली नाही. शेवटी कृपा खोडली गेली.

अर्ज घेऊन आम्ही पंधरा-वीस जण कचेरीत गेलो. कारकुनानं विचारलं, ही बाहेरची माणसं, तुमचा यात काय संबंध? एरवी छापील मराठी बोलणारे सुभेदार एकदम आपल्या मूळ बोलीवर आले. "ह्यांची पोरं सरहद्दीवर हुबी ऱ्हात्यात, तवा कोन त्येंला भायेरचं म्हनत न्हाई."

तीन हेलपाटे झाले, पण तात्पुरती कार्डं मिळाली आणि मैदानही पुढचं पीक येईपर्यंत त्यांच्याकडे राहिलं. मी येता-जाता खोपटांपाशी थांबू लागले. बायका मला 'पेटीवाली' म्हणायच्या.

पुढच्या वर्षी बहुतेक कुटुंबं परतली, दोन सांगलीतच राहिली. म्हातारीच्या शेळ्या ट्रकमध्ये चढता चढेनात. पाळकसाहेबांनी पुढून ओढलं, सुभेदारांनी मागून ढकललं. पाळकसाहेबांचा पांढरा कोट कामातून गेला, आणि त्यांच्या बायकोनं ते त्यांना महिनाभर ऐकवलं.