सुनेच्या गोळ्या, सासऱ्याचे गाल

लग्न होऊन मी अमरावतीहून अकोल्याला आले. पुढच्याच वर्षी मला दिवस गेले आणि रक्त कमी पडलं. एकोणीसशे साठनंतरची, दोन-तीन वर्षं इकडेतिकडे धरा, तेव्हाची ही गोष्ट. पाण्याची बादली उचलली तरी धाप लागायची. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून बारीक पिवळ्या गोळ्या लिहून दिल्या, फॉलिक ॲसिडच्या. म्हणाल्या, "रोज एकच घे. आणि घरात कुणाला वाटू नकोस."

मला हसू आलं. औषध म्हणजे काय प्रसाद आहे, वाटायला? घरी आल्यावर कळलं, की आहे.

माझे सासरे, म्हणजे आमचे मामाजी, बाळापूरकडची काळी जमीन बटईनं कसायला देऊन मुलाजवळ राहायला आले होते. डॉक्टरांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता; औषधांवर मात्र फार होता. गेले काही महिने ते पिवळट दिसत, जेवण जात नसे, ओट्यावर बसल्या बसल्या डुलक्या घेत. गळ्यात माळ, त्यामुळे मांस-मच्छी वर्ज्य; दूध पोटाला मानवत नाही म्हणून तेही बंद. दाखवून या म्हटलं की म्हणायचे, "डाक्टर काय सांगन? रक्त पातय झालं, एवढंच. मले ठाव हाय."

महिन्याभरात माझ्या तोंडावर तजेला आला. मामाजी ओट्यावरून माझ्याकडे बघत बसायचे. मग माझी बाटली भराभर संपू लागली. सासूबाईंनी मलाच धरलं, "दोन-दोन खाऊन राहिली का वो?" एक दिवस सकाळी मी स्वयंपाकघरात गेले, तर मामाजी कोनाड्यापाशी उभे. बाटली उघडी, तळहातावर गोळ्या.

"मामाजी, त्या माझ्या आहेत."

"तुह्या म्हंजे? तुह्यं रक्त अलग अन् माह्यं अलग हाय का?"

मी नवऱ्याला सांगितलं. वडिलांसमोर बोलायची त्यांची छाती नव्हती, म्हणून त्यांनी आपल्यापुरता तोडगा काढला आणि वडिलांना वेगळी बाटली आणून दिली. दुकानदारानं डॉक्टरांची चिठ्ठी मागितली नाही. ओळखीच्या माणसाकडे चिठ्ठी मागणं तेव्हा अपमानाचं समजत.

आणि पंचाईत अशी, की गोळ्या लागू पडल्या. मामाजींचे गाल लाल झाले, भाकरी जाऊ लागली, डुलक्या बंद झाल्या. ओट्यावर दवाखानाच भरला. कुणाची कंबर धरो, कुणाचे केस गळोत, मामाजींकडे इलाज एकच. एका गृहस्थांनी तर आटलेल्या म्हशीला गोळ्या चारल्या. म्हशीनं मात्र मामाजींचं ऐकलं नाही.

मी बाळंतपणाला अमरावतीला गेले, मुलगी झाली. तिला घेऊन परत आले तेव्हा मामाजी ओट्यावरून उतरून सामोरे आले. गाल डाळिंबासारखे, पण पाय फाकवून, गादीवरून चालावं तसे टाकत होते.

"काय होतंय मामाजी?"

"काई नाई. पायाले मुंग्या येतात. नवं रक्त धावून राहिलं ना!"

नव्या रक्ताला जोर यावा म्हणून त्यांनी गोळ्या दुप्पट केल्या होत्या.

मग एकदा बाजारातून ते एकाच पायात चप्पल घालून आले. सासूबाईंनी विचारलं, "दुसरी कोठी हाय?" त्यांनी खाली पाहिलं. चप्पल निसटल्याचं पायाला कळलंच नव्हतं. पण दोष चप्पल करणाऱ्याला मिळाला. नवा जोड आला, त्यातलीही एक हरवली. सासूबाई म्हणाल्या, "आता बायको तरी सांभाळा."

शेवटी न्हाणीत, तोंडाला साबण लावून डोळे मिटले, आणि मामाजी धाडकन आडवे झाले. कपाळ फुटलं. टाके घालायला डॉक्टर लागतोच, त्यामुळे आमच्या डॉक्टरीणबाईंकडे जाणं भाग पडलं.

टाके झाल्यावर बाईंनी त्यांना पाय जुळवून उभं केलं. "डोळे मिटा."

"कायले? पूजेले बसलो का मी?"

मिटले, आणि ते झाड पडावं तसे कलले. माझ्या नवऱ्यानं सावरलं. बाईंनी पायाच्या अंगठ्याला जाण तपासायचा थरथरता चिमटा लावला आणि काही जाणवतं का विचारलं. मामाजी म्हणाले, "काय जाणवाचं हाय?" त्यांच्या आवाजात तेव्हा पहिल्यांदा भीती ऐकली.

"कसलं औषध घेता?"

"औषध नाई. ताकतीच्या गोया."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी नवऱ्याकडे, नवऱ्यानं छताकडे.

"बाबा, तुमच्या अंगात कमी होतं ते दूध-मांसातून मिळणारं दुसरंच जीवनसत्त्व, बी-बारा," बाई म्हणाल्या. "या गोळ्यांनी रक्त तेवढं सुधारलं. नसा आतून झिजतच राहिल्या. तुम्ही फिके दिसत राहिला असता, तर कुणीतरी तुम्हाला आधी इथं आणलं असतं. गालांनी सगळ्यांना फसवलं."

"म्हंजे सुनेले चालते अन् मले नाई?"

"तिचं रक्त तपासून दिल्या होत्या. तुमचं कुणी तपासलं?"

पिवळ्या गोळ्या बंद झाल्या, बी-बाराची इंजेक्शनं सुरू झाली. औषध लालभडक होतं. मामाजींनी सुई टोचून घेताना ते निरखून पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाले, "रक्ताचं औषध असं लाल पायजे. ते पिवयं पायलं तवाच मले शंका आली होती."

पहिल्यांदा रोज, मग आठवड्यानं, मग महिन्यानं, आणि ते जन्मभर, असं बाईंनी बजावलं होतं. उन्हाळ्यापर्यंत मुंग्या कमी झाल्या, भिंत धरायची गरज उरली नाही. पण काठी सुटली नाही आणि तळव्यांची जाण पूर्ण परतली नाही. उशीर झाला, असं बाई म्हणाल्या. ओट्यावर लोक गोळ्या विचारायला येत, तेव्हा मामाजी घरात निघून जात.

पेरणीआधी त्यांना शेत बघायचं होतं म्हणून आम्ही बाळापूरकडे गेलो. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, त्यांनी चपला काढल्या आणि पाऊस पडून वाफशावर आलेल्या काळ्या मातीत उतरून उभे राहिले. बराच वेळ पायांकडे पाहत होते. मग काठीवर भार देऊन खाली वाकले, एक ढेकूळ उचललं आणि बोटांनी फोडून पाहिलं.

"ओल हाय," ते म्हणाले.