सुपडूला थांबवलं ते चार दिवस

माझी पाठवणी झाली तेव्हा आमची बैलगाडी गल्लीच्या वळणावर पोचायच्या आत आईनं अंगण झाडायला घेतलं. रडण्याच्या भरात तिला भान नव्हतं. माणूस घराबाहेर पडल्यावर लगेच झाडत नाहीत. प्रेत उठल्यावर झाडतात. मावशी ओरडत धावली आणि तिनं आईच्या हातातली केरसुणी हिसकून घेतली. गाडीतून मी ते पाहिलं आणि मान खाली घातली. निघताना आई म्हणाली होती, "धुयं काही लांब नाही वं." तेवढंच.

लांब नव्हतंच. रावेरहून भुसावळ, मग जळगाव, पाचोरा, चाळीसगावला गाडी बदलली की धुळं. पण रावेरच्या केळीच्या बागा मागे पडल्या आणि चाळीसगावनंतर खिडकीतून उघडी, पांढुरकी जमीन दिसायला लागली, तेव्हा मी खिडकीकडे पाठ केली. देश स्वतंत्र होऊन चार-पाच वर्षं झाली होती. तेव्हा आपला मुलूख पूर्व खानदेश आणि धुळं पश्चिम खानदेश. कागदावर एका शब्दाचा फरक. चाळीतल्या नळावर मी "मले पाणी घेऊ द्या" म्हटलं की बायका हसायच्या, त्यांचं "माले". त्या एका अक्षरासाठी मी महिनाभर तोंड उघडलं नाही.

हे मिलमध्ये विणकाम खात्यात होते आणि मिलच्या फुटबॉल टीमचे कॅप्टन होते. सगळे यांना नाना म्हणत. मिलचा भोंगा, शिफ्ट, मॅच, हाफटाइम हे शब्द मी दळताना, लाटताना ऐकून ऐकून शिकले. आमची एकच खोली. टीममधली बिनलग्नाची दोन-तीन मुलं दुपारी आमच्याकडे जेवायची, त्यात सुपडू होता.

सुपडू चोपड्याच्या पुढचा, सातपुड्याच्या पायथ्याचा. घरची कोरडवाहू शेती, पावसावर सारी भिस्त. मिशनच्या शाळेत कुणा पाद्रीनं त्याला बॉल दिला आणि मग तो बॉल त्याला सोडेना. मिलच्या मॅनेजरसाहेबांनी त्याला कुठंतरी खेळताना पाहिलं आणि धुळ्याला आणलं. मस्टरवर तो विणकर, पण काम एकच, सेंटर फॉरवर्ड. तुम्ही त्याला पाहायला हवं होतं. हडकुळा, काळा, मैदानाबाहेर नुसता पडलेला असायचा. बॉल पायाशी आला की दोन माणसांच्या मधून असा निघायचा की दोघं एकमेकांवर आदळायचे. त्याच्या आईची आधीची दोन मुलं जन्मताच गेली होती. म्हणून हा झाल्यावर तिनं त्याला सुपात घालून शेजारणीला देऊन टाकला आणि परत मागून घेतला, यमाला पत्ता लागू नये म्हणून. आपल्याकडे असे सुपडू गावोगाव आहेत.

तो दुःखी होता. रडका नव्हता, तक्रारही करत नसे. जेवता जेवता घास हातात धरून बसायचा. मी विचारलं तर म्हणायचा, "आते माय खयामा व्हई." म्हणजे आई आता खळ्यात असेल. मला वाटायचं, सगळेच परगावचे असं बोलतात; मीही भाकरी थापताना मनात रावेरच्या चुलीपाशी असायचे. एके दिवशी तो म्हणाला, काळी शेळी विहिरीत पडली. आम्ही हसलो. आठ-दहा दिवसांनी त्याच्या गावचा माणूस चारोळ्या विकायला धुळ्याच्या बाजारात आला. सुपडूनं काही विचारायच्या आधीच तो म्हणाला, "तुमची काळी शेळी गेली रे, विहिरीत." त्यानंतर आम्ही हसलो नाही. पण त्या विषयावर कुणी बोललंही नाही. चारचौघांत बोलायची ती गोष्ट नव्हे.

श्रावण-भादव्यात धुळ्याच्या पांझरेला मोठा पूर आला आणि उतरला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी जळगावला फायनल होती. चार दिवस राहिले होते. त्या दुपारी सुपडू जेवत होता. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी होती, त्याची आवडती. त्यानं पहिला घास मोडला आणि मान वर केली. कुणीतरी बोलता बोलता एकदम गप्प झाल्यावर आपण बघतो, तसा.

"अक्का," तो म्हणाला, "मनं नाव कोन्ही लेत नही आते."

"कोण नाव घेत नाही?"

"घरमा. कोन्हीच नही." त्यानं ताट सरकवलं. "माले घर जानं शे. आजच."

संध्याकाळी सगळी टीम आमच्या खोलीत. मॅनेजरसाहेबांचा निरोप आला होता, फायनलआधी गेला तर परत यायचं नाही. बाकीची मुलं म्हणत होती, उदास का असेना, तो रडत रडत दोन गोल करतो, आपण हसत हसत एकही करत नाही. गोलकीपर इब्राहिमभाई टीममध्ये सगळ्यांत मोठे. ते भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, "नाना, मन नसलेला बैल औताला जुंपता येतो. खेळाला नाही. जाऊ द्या त्याला. कप पुढच्या साली पण असतो."

 यांना वाटत होतं जाऊ द्यावं, ते मला यांच्या पाठीवरून कळत होतं. पण कप आला तर यांना जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, करणार होते आणि जॉबरला दोन खोल्या मिळत. मला पाचवा महिना होता. एका खोलीत चूल, धूर, यांची रात्रपाळीची झोप आणि त्यात मूल. सगळे गेल्यावर हे म्हणाले, "तो तुझं ऐकतो."

मी उठले. इथून पुढचं मी कुणावर ढकलत नाही.

तो पायरीवर बसला होता, पिशवी बांधून. मी शेजारी बसले. म्हटलं, "सुपडू, मलाही घर सुटलंय. पहिल्या वर्षी मलाही असंच वाटायचं, की तिकडे आपल्याला विसरले. तसं काही नसतं. चार दिवस थांब. मॅच झाली की मी स्वतः तुला पोचवीन." यातलं पहिलं खरं होतं, शेवटचंही. मधलं मला ठाऊक नव्हतं आणि ठाऊक असल्यासारखं मी बोलले.  त्यानं पिशवीची गाठ सोडली.

ते चार दिवस विचित्र गेले. दूधवाला त्याच्या अंगावरून गेला, धक्का लागला, तरी वळून पाहिलं नाही. मी जेवायला ताटं मांडली तर एक कमी. परत मोजली, परत कमी. तो समोर बसलेला होता आणि माझ्या हिशेबात येत नव्हता. मी ओशाळून ताट वाढलं. तो म्हणाला, "राहू द्या अक्का, भूकच नही."

जळगावला मी गेले. मैदानाच्या कडेला बायकांसाठी बाकं टाकली होती. मॅच सुरू व्हायच्या आधी रेफरीनं आमचे खेळाडू मोजले आणि यांना म्हणाला, "कॅप्टन, तुमचे दहाच आहेत." सुपडू त्याच्या समोर हाताच्या अंतरावर उभा होता. रेफरीनं डोळे चोळले, पुन्हा मोजले. अकरा. सगळे हसले. मला हसू आलं नाही.

तसा खेळ पुन्हा कधी कुणी पाहिला नसेल. त्याला कुणी अडवलंच नाही. जळगावची मुलं चांगली खेळणारी होती, पण तो त्यांच्यातून असा जायचा जणू वाट रिकामीच आहे, आणि बॉल जाळ्यात गेल्यावर ती एकमेकांना विचारायची, कुठून आला? हाफटाइमला तो आमच्या बाकाशी आला आणि मला म्हणाला, अंग जळतंय. मी तांब्याभर पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं. दुपार ढगाळ होती, वारा गार होता. त्याची कातडी तव्यासारखी तापली होती. मग तो आत गेला आणि आणखी एक गोल केला. कप आमचा झाला. यांना खांद्यावर उचललं, इब्राहिमभाईंना उचललं. सुपडूला उचलायचं कुणाला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. मी पोचवीन म्हटलं होतं. यांनी नको म्हटलं तरी मी निघाले, तेव्हा हेही बरोबर आले. तापी ओलांडून मोटारीनं चोपडा, तिथं मुक्काम, सकाळी पुढं बैलगाडी.  दुपारी गाव आलं. घर एका टेकाडाखाली, कुडाचं, शेणानं सारवलेलं. अंगणात माणसं बसली होती. त्याच्या बापाचं डोकं नुकतं भादरलेलं होतं.

मी तेव्हाच समजले, पण पाय पुढं जात राहिले.

पांझरेच्या पुरात सुपडू नावाचा एक हमाल वाहून गेला होता. बातमी डोंगरापर्यंत पोचता पोचता हमाल गळाला, धुळ्यात गेलेला सुपडू तेवढा उरला. प्रेत नाही. चार दिवस त्यांनी वाट पाहिली, की कुणी येऊन खोटं आहे म्हणेल. कुणी आलं नाही. मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. आदल्या दिवशी नाही, त्याच्या आदल्या दिवशी. मॅचच्या दुपारी.

त्याची आई दारातून बाहेर आली. बुटकी, नऊवारीचा काष्टा घातलेली, डोळे कोरडे. तिनं दोन तांबे पाणी आणलं. एक यांना दिला, एक मला. तिसरा आणला नाही.

"बाई, तुम्ही धुळ्याच्या ना?" ती मला म्हणाली. "तुमच्याकडं जेवत होता ना मना पोऱ्या? शेवटी कसा होता?"

तो माझ्या खांद्यामागे उभा होता. त्याचा श्वास माझ्या मानेवर लागत होता. 

"माय," तो म्हणाला. "माय, मी उनू." मी आलो, म्हणत होता.

तिनं पदर कानावर ओढला. नजर माझ्याच तोंडावर. म्हणाली, "वारा शे, बाई."

झाडाचं पान हलत नव्हतं.

तिला तो दिसला नाही की तिनं पाहिलं नाही, हे मला तेव्हा कळलं नाही. बापाला मात्र तो दिसला. त्याचा चेहरा पिळवटला. तो उठून यांना कुडाच्या आडोशाला घेऊन गेला, मीही मागे गेले. म्हणाला, ज्याला अग्नी दिला तो उंबऱ्याच्या आत आला की घरातलं एक माणूस जातं, असं आमचे जुने लोक सांगतात. "आधीच दोन गयात. आते घरमा धाकला शे. याले तुम्हीच लई जा." आणि त्यानं आमच्याकडे पाठ केली. दारात सात-आठ वर्षांचा धाकटा उभा होता, भावाकडे टक लावून. आईनं त्याचे डोळे हातानं झाकले.

चार दिवस. फक्त तेवढेच उशिरा आलो होतो आम्ही.

परतताना गाडीत सुपडू रडला नाही. तापीच्या अलीकडे म्हणाला, "अक्का, तुमनी चूक नही." ते ऐकण्यापेक्षा त्यानं मला मारलं असतं तर बरं होतं.

तो धुळ्यातच राहिला आणि पुढं पाच-सहा वर्षं खेळला. घर मागितलं नाही, घास हातात धरून बसला नाही. मॅनेजरसाहेब म्हणायचे, बघा, ठेवला ते बरं केलं, रुळला. हे जॉबर झाले. दोन खोल्या मिळाल्या. पहिल्या रात्री त्या मोकळ्या दुसऱ्या खोलीत मी अंथरूण घातलं आणि झोपू शकले नाही. मुलीच्या बारशाला सगळी चाळ जमली, तेव्हा मी सुपडूलाही पाळण्याशेजारी पाटावर बसवलं. अग्नी दिलेल्या माणसाचं नव्यानं बारसं करतात, असं इब्राहिमभाईंच्या शेजारच्या म्हातारीनं सांगितलं होतं. मी त्याच्या कानाशी वाकले, नवं नाव घ्यायला. तो हळूच म्हणाला, "नको अक्का. तेच राहू द्या." मग मी तेच नाव घेतलं, मोठ्यानं. बायकांनी घुगऱ्या वाटल्या. त्या दिवसापासून जेवायला बसताना मी त्याला नाव घेऊन हाक मारते. समोर बसलेला असला तरी.

गेल्या साली, मुंबई राज्य फुटायच्या गोष्टी चालल्या होत्या त्या दिवसांत, एक उंच पोरगा दारात आला, हातात पत्र्याची पेटी. सुपडू आत जेवत होता. पोरगा त्याच्याकडे पाहत उंबऱ्याशी थांबला. मला वाटलं, आता काय होतं. तो म्हणाला, आई दोन महिन्यांपूर्वी गेली. जाताना तिनं जवळ बोलावलं आणि सांगितलं, "धुयामा तुना भाऊ शे. अक्काना घर जेवस. तठे जाय." त्या दिवशी अक्काच्या मागं उभा होता, वाळला होता, सदरा निळा होता, हेही तिनं सांगितलं होतं. सुपडूनं हात न धुता उठून त्याला कवटाळलं. दोघं आता एकाच खोलीत राहतात. धाकट्याला फुटबॉलमध्ये काही गती नाही.

तुम्ही रावेरची माणसं मागे राहिलात आणि आम्ही निघालो, यात कोण कुणाला सोडून गेलं हे मी आता ठरवत नाही. धुळं माझं झालं. मीही नळावर "माले" म्हणते आणि नव्या आलेल्या पोरी ऐकून शिकतात. रावेरला वर्षाआड येते. बागा तशाच, वहिनी प्रेमाची. पण दारात आले की मी लगेच आत येत नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. तुम्ही म्हणता, ही शहरात राहून पाहुणी झाली. तसं नाही. मी चौकटीला हात लावून उभी राहते, आतून कुणीतरी माझं नाव घेईपर्यंत. मगच पाऊल टाकते. आजवर कुणी ना कुणी घेतलंय.