अक्काची थरथर

माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, सासरी आधी कुणी विचारत नव्हतं. हे पहिल्यांदा सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पलूसजवळचं गाव, चांगली बागायती शेती. दाजी पल्टणीत, वर्षातून एकदा रजेवर यायचे. घरात राज्य सासूचं. अक्कानं शेणघाण काढावी, उसाच्या फडात जेवण पोचवावं आणि वर बोलणी खावीत. मूलबाळ नव्हतं, म्हणून बोलणी जरा जास्तच.

मी तेव्हा सांगलीत कॉलेजला होते. एका संक्रांतीला एसटीनं तिच्याकडे गेले. सगळं गाव शेकोटीला बसलेलं, आणि ही बया गार जमिनीवर बसून पदरानं वारा घेत होती!

"लय उकडतंय गं," म्हणाली.

खायची माझ्या दुप्पट, पण अंगावर मांस म्हणून नाही. बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. चहाचा कप बशीत खडखड वाजायचा. डोळे एवढे मोठे झाले होते की झोपेतसुद्धा पापण्यांत फट राहायची. गळ्याशी फुगवटा होता, तो ती पदरानं झाकायची. मला तिच्याकडे बघवेना. दवाखान्याचं नाव काढलं तर सासू म्हणाली, "काय बी झाल्यालं न्हाई तिला. कामाचा कंटाळा, दुसरं काय!"

चैत्रात गावच्या देवीची यात्रा भरली. हलगी कडाडली आणि गर्दीत उभ्या अक्काचे हात जे थरथरायला लागले ते थांबेचनात. घामानं लुगडं चिंब, डोळे ताठ, छाती वरखाली. मागून कुणीतरी ओरडलं, "आगं बया, अंगात आलंया हिच्या!"

झालं. कुणी मळवट भरला, कुणी पुढ्यात नारळ फोडला. आणि सगळ्यांत आधी पायावर डोकं कुणी ठेवलं असेल? सासूनं. "आई, चुकलं माकलं आसंल तर पदरात घ्या," म्हणाली. काल हीच बाई भाकरी करपली म्हणून अक्काच्या सात पिढ्या उद्धरत होती.

मग दर शुक्रवारी अंगणात बायका जमायला लागल्या. हलगी वाजायची, अक्का थरथरायची, बायका विचारायच्या आणि ती काहीबाही सांगायची. कडक नियम होते. अंगात असताना तिला कुणी शिवायचं नाही. पायावर पाणी घालायचं, ओटी भरायची. मंगळवार, शुक्रवार निरंकार उपास. औषधाचं नाव नको. "देवाला कुणी सुई टोचतंय व्हय?" सासू म्हणायची. माझं डोकं फिरायचं, पण ऐकतंय कोण!

शेवटी साडी घ्यायचं निमित्त करून मी तिला सांगलीला आणलं. डॉक्टरांनी गळा चाचपला, नाडी धरली, नडग्यांवरची जाड झालेली कातडी दाबून बघितली. मला म्हणाले, "गळ्यात थायरॉईड नावाची ग्रंथी असते. अंगातली जी ताकद रोगाशी लढायची, तीच हिच्या अंगात उलटलीय. स्वतःच्याच ग्रंथीला सारखी डिवचतेय. म्हणून ही थरथर, हा घाम, ही धडधड. डोळ्यांच्या मागचं मांसही त्यातच सुजलंय." गोळ्या लिहून दिल्या. उपाशी राहायचं नाही, आणि गोळ्या मनानं बंद केल्या तर जिवावर बेतेल, असं दोनदा बजावलं.

अक्कानं गोळ्या धान्याच्या कणगीत लपवल्या, पण घेतल्या. आणि गुण आला हो! पावसाळा निम्मा सरेपर्यंत ती भरली, रात्रीची झोपायला लागली. डोळे तेवढे तसेच होते. मला असा आनंद झाला म्हणून सांगू!

पण शुक्रवारी हलगी वाजली तरी हात हलेनात. बायका वाट बघून बघून उठल्या. पुढच्या शुक्रवारी निम्म्याच आल्या, मग कुणीच नाही. सासूनं ओळखायचं ते ओळखलं. "ए, हित काय बसलीयास? म्हशीला वैरण टाक."

मी गेले तेव्हा अक्का माझ्यावरच उखडली. "बरी केलीस मला, पर त्याचं करू काय? आत्याबाई मला आई म्हनत हुत्या. माज्या आदी जेवत न्हवत्या. तुला न्हाई कळायचं त्ये."

"अगं, मरशील अक्का!"

"बरं, घेते की गोळ्या," म्हणाली. एवढं सरळ म्हणाली की मला ते खरंच वाटेना.

नवरात्रात अष्टमीला दुपारी मी पोचले, तर हलगीचा आवाज फाट्यावरच ऐकू आला. म्हणजे गोळ्या सोडल्या हिनं! मी पळतच सुटले. अंगण बायकांनी गच्च भरलेलं. घट बसल्यापासून अक्काच्या पोटात अन्नाचा कण नव्हता, हे शेजारणीनं मला मोठ्या कौतुकानं सांगितलं. "आवो, आसं अंगात कवाच आलं न्हवतं! हात लावाल तर भाजंल!"

अक्का मधोमध पाटावर. तोंड लालबुंद, ओठ फुटलेले, गळ्याची शीर थाडथाड उडत होती, आणि ते डोळे कुणाकडेच बघत नव्हते. सासू पुढ्यात गुडघे टेकून, पदर पसरून बसली होती. "आई, माजं लेकरू पल्टणीत हाय. त्याला सुकरूप घरला आना."

अक्काचे ओठ हलले. "पानी," ती म्हणाली. "पानी द्या."

"पानी मागतीया आई! आना, आना!" एकच गलका झाला. बायका कळश्या, घागरी घेऊन धावल्या आणि एकीमागून एक तिच्या पायांवर ओतायला लागल्या. मी ओरडत होते, तिला प्यायला द्या, अहो तोंडाला लावा. "शिवू नगंस, पोरी!" म्हणून दोघीतिघींनी मला दंडाला धरून मागे ओढलं. अक्का आणखी एकदा पाणी म्हणाली. आणखी एक घागर पायावर रिकामी झाली. मग हात थरथरायचे थांबले आणि मान छातीवर पडली.

"गेल्या आई," सासू समाधानानं म्हणाली आणि हलगी थांबली. तेव्हा कुठं मला सोडलं. मी पाटापाशी पोचले तेव्हा अंगणभर चिखल झाला होता. तांब्यात राहिलेलं घोटभर पाणी मी अक्काच्या तोंडात घातलं, ते ओठांच्या कडेनं बाहेर आलं.