टेपला लागलेलं कुंकू

पद्मा लिमयेला माणूस निकालात काढायला फार वेळ लागत नसे. सांगलीतच गणित घेऊन बी.एस्सी. झालेली, पुण्यात कॉम्प्युटर शिकून आलेली. १९७८ साली एका साखर कारखान्याच्या सांगलीतल्या विश्रामबागेच्या कचेरीत तिला नोकरी लागली आणि पहिल्याच आठवड्यात तिनं आपल्या साहेबाला निकालात काढलं.

साहेब म्हणजे औंधचे हंबीरराव. चेअरमनचे मेहुणे, एवढीच त्यांची पात्रता. कॉम्प्युटरची खोली गार असते म्हणून जेवण झालं की ते तिथं येऊन घोरत. पाहुणे आले की मात्र खडबडून उठत आणि मशीनमधली टेपची डबी तळहातावर धरून म्हणत, "येवढ्याशा डबीत समद्या सभासदांचा ऊस हाय बगा!" पाहुणे डबीत डोकावत. आता एखादा कांडं मागेल, असं पद्माला वाटे.

कुणाच्या रानात ऊस कधी लागला, याच्या नोंदी ती मशीनमध्ये भरी. त्यावरून तोडीची पाळी ठरे. मशीनमधली तबकडी बिघडली तर नोंदी बुडू नयेत म्हणून रोज संध्याकाळी त्यांची नक्कल टेपवर उतरवायची. डबी दिसायला गाण्याच्या कॅसेटसारखीच, फक्त जाडजूड. अशा दोन डब्या आल्या होत्या. त्यातली एक हंबीररावांनी घरी नेऊन शोकेसमध्ये मांडली.

खंडेनवमीला कचेरीत यंत्रांची पूजा झाली. जीपला हार, टाइपरायटरला फुलं. पद्मा खोलीत आली तेव्हा हंबीररावांनी डबीचं झाकण उघडून आतल्या फितीवरच ओल्या कुंकवाचं बोट टेकवलं होतं.

"अहो साहेब, गेली ती टेप! घरची डबी आणा उद्या."

"आमच्या औंधच्या यमाईदेवीचं कुंकू हाय, बाई. त्यानं कुटं काय बिगडतंय व्हय?"

सगळे हसले. दुसऱ्या दिवशी मशीननं ती टेप घेतली नाही. पद्मानं डबी साहेबाच्या टेबलावर नेऊन ठेवली आणि गप्प बसली. एकदा सांगून झालं होतं. असल्या माणसाच्या नाकदुऱ्या कोण काढणार? आणतील तेव्हा आणतील.

गाळप सुरू व्हायच्या तोंडावर मशीनमधली तबकडी खरचटली. सगळ्या नोंदी गेल्या. चेअरमननी दोघांना बोलावलं.

"बाईंनी टेपच लावली न्हाई," हंबीरराव म्हणाले.

पद्मानं डबीचं झाकण उघडून चेअरमनपुढं धरलं. "लावणार कशी? तुमच्या मेहुण्यांनी तिला सवाष्ण करून ठेवलीय."

चेअरमननी लाल फीत बघितली, मेहुण्याकडं बघितलं आणि चहा मागवला. न्याय झाला तो एवढाच.

तोड अंदाजानं सुरू झाली. अंदाज चेअरमनच्या भावकीपासून सुरू होई. एक दिवस तासगावकडचा केरबा कॉम्प्युटरच्या दारात येऊन उभा राहिला.

"ताई, माजा आडसाली ऊस, दीड वर्साचा. तुरं आलं त्येला, आता वाळाय लागंल. तोडीची टोळी कवा यायची?"

पद्मानं हंबीररावांचा सगळा पराक्रम तिखटमीठ लावून सांगितला. केरबानं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे टेप गेल्याली तुमाला ठावं हुतं?"

"होतं ना. सांगितलंही होतं."

"मग पुन्यांदा का न्हाई सांगितलं?"

केरबानं टोपी सारखी केली आणि तो निघून गेला.

त्याच दुपारी ती हंबीररावांच्या घरी गेली, त्यांच्या बायकोसमोर शोकेस उघडली आणि डबी पिशवीत टाकली. मग जीप मागून घेतली. गावोगावच्या कारखान्याच्या गट कचेऱ्यांतले लागणीचे कागद गोळा केले आणि पहिल्यापासून नोंदी भरायला बसली. तरी केरबाच्या रानात टोळी पोचली ती शिमग्यानंतर. ऊस निम्मा वाळला होता. पद्मा बांधावर उभी राहून बघत होती. केरबा तिला ओलांडून टोळीकडं गेला.

हंबीररावांना त्याच वर्षी बढती मिळाली. त्यांच्याबद्दलचा पद्माचा तिरस्कार तसूभरही कमी झाला नाही. पण नवा साहेब आला तेव्हा तिनं त्याच्याकडं आणखी डब्या मागितल्या. त्यानं मान डोलावली आणि विसरला. ती पुन्हा गेली, परत गेली, जेवताना गेली, बैठकीत उठून बोलली. डब्या येईपर्यंत तिनं त्याचा पिच्छा सोडला नाही. कचेरीतली माणसं पाठीमागं तिला अडकलेली रेकॉर्ड म्हणू लागली.