जिन्यावरचा आरसा

गल्लीत सगळे त्याला दादाच म्हणत, वयाने मोठे असलेलेसुद्धा. तीस वर्षं काचा कापण्यात गेली होती. धाकटा भाऊ जोडीला. मोजमाप धाकट्याचं, कापणं दादाचं.

एका दुपारी जिन्यावरून खिडकीची मोठी काच उतरवताना दादाचा पाय अर्धी पायरी चुकला. काच मधोमध तडकली आणि खालची बाजू धरलेल्या धाकट्याचं मनगट कापलं. जिवावरचं निभावलं, पण उजव्या हाताची दोन बोटं मिटेनाशी झाली. धाकटा त्यावर चकार शब्द बोलला नाही. चार शब्द सुनावले असते तर बरं, असं दादाला वाटे.

तेव्हापासून काच कापायचा हिरा हातात घेतला की दादाची छाती धडधडे, तोंडाला कोरड पडे. हृदयाचा झटकाच आला असं वाटून त्याने दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हृदय ठणठणीत आहे, ही धास्ती आहे. ती आली की डोळ्यांना दिसणाऱ्या पाच गोष्टी मोजा, हाताला लागणाऱ्या चार, मग आवाज, वास, चव. बाई आपल्याला बालवाडीत बसवायला निघाल्यात, असं दादा घरी येऊन म्हणाला. बायको हसली नाही. रोज सकाळी चहाचा कप हातात देऊन ती विचारी, ऊब कुठे कुठे लागतेय. तो वैतागून उत्तर देई. कधी छाती निवळे, कधी ढिम्म फरक पडत नसे.

चार महिन्यांनी वरच्या मजल्यावरच्या शिंप्याने पुरुषभर उंचीचा आरसा खाली हलवायला काढला. धाकटा आपणहून आला. डाव्या हाताने आणि खांद्याने पेलीन म्हणाला. जिन्याच्या वळणावर दादा थिजला. पाऊल पुढे पडेना, मागे येईना.

धाकट्याला वहिनीने सगळं सांगितलंच होतं.

"दादा, पायऱ्या बघू नकोस. समोर काय दिसतंय?"

"भिंत."

"कशी आहे?"

"पोपडे निघालेत. एक खिळा आहे. आणि तुझी टोपी."

"हाताला काय लागतंय?"

"कडेला गुंडाळलेल्या चिंध्या. खरखरीत आहेत. मध्ये काच गार लागतेय."

"आवाज?"

दादाने कान दिला. "वर मशीन चाललंय. आणि तुझा श्वास."

"माझा चालू आहे ना? मग टाक पाय."

उरलेल्या अकरा पायऱ्या ते एकेक करून उतरले. आरसा भिंतीला टेकवून दादा तिथेच खाली बसला आणि इतके दिवस गिळलेलं त्याने विचारलं, बोटं दुखतात का.

"थंडीत दुखतात," धाकटा म्हणाला. "आणि तुझा राग येतो कधी कधी."

दादाने नुसती मान हलवली.

धास्ती काही गेली नाही. मोठ्या काचांची कामं दादाने सोडली. आता तो फोटोंच्या चौकटींच्या काचा कापतो. मध्येच हिरा खाली ठेवतो आणि टेबलावर तळवा दाबून बसतो. धाकटा मग गिऱ्हाइकाला बाकावर बसवतो आणि दादाच्या चेहऱ्यावर रंग परत येईपर्यंत तीच मापं पुन्हा पुन्हा विचारत राहतो.